झीज कुठे बसते

दातांच्या डॉक्टरीणबाई दिवसभर लोकांच्या तोंडातली भोकं बुजवतात आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना मात्र भोकं पाडून मागतात, हा विनोद पेंटरणीने चार दिवस पोटात ठेवला होता. सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगितला असता तर तो पोट धरून हसला असता आणि चहाच्या वेळी वडिलांना सांगून मोकळा झाला असता. सासऱ्यांच्या कानावर तर तिला हे जाऊच द्यायचं नव्हतं.

गल्लीत तिला सगळे पेंटरीणच म्हणत. माहेरी तिने अंगणातल्या कुंडीलासुद्धा कधी रंग दिला नव्हता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासऱ्यांचा जोडीदार काम सोडून गेला. एकुलत्या एका मुलाला रंगाच्या वासाने शिंका यायच्या. रंगाऱ्याच्या पोटी असलं नाजूक नाक जन्माला आलं म्हणून सासरे आयुष्यभर देवाला बोल लावत आले. मुलगा बसच्या डेपोत मेकॅनिक झाला आणि ब्रश आला सुनेच्या हातात. त्याला आता अकरा वर्षं झाली.

सासऱ्यांनी तिला सगळं शिकवलं. खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरताना अंगठा कसा तिरका धरायचा, पॉलिश पेपर घासताना डोळे मिटून बोटांनी कसं बघायचं. "माशी बसली तर घसरून पडली पाहिजे," ते म्हणायचे. माशी घसरेपर्यंत ते दार सोडत नसत. चाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. जुन्याचं नवं करायचं, आणि तेही असं की इथं कधी काही झिजलं होतं याचा मागमूस राहू नये.

आणि आता सूनबाई नव्याचं जुनं करायला निघाली होती.

ही कला तिची स्वतःची होती. दुपारी लेक शाळेत असायची तेव्हा फोनवर बघून बघून, मागच्या पडवीतल्या मोडक्या स्टुलाच्या पायावर प्रयोग करून ती शिकली. आधी गडद तपकिरी रंगाचा एक हात द्यायचा. तो वाळला की कडांवर, कोपऱ्यांवर मेणबत्ती घासायची. त्यावर सायीसारखा पांढरा रंग. मेण असतं तिथं वरचा रंग धरत नाही, मग पॉलिश पेपर फिरवला की तो सुटतो आणि खालचा तपकिरी डोकावतो. खिळ्याने बारीक भोकं पाडायची, किडीने खाल्ल्यासारखी. साखळीने दोन-चार तडाखे द्यायचे. शेवटी पातळ तपकिरी रंग लावून लगेच फडक्याने पुसायचा, म्हणजे तो खाचांमध्ये मळासारखा बसून राहतो. कालचं दार बघता बघता आजीच्या वयाचं होतं.

सासऱ्यांना तिने सांगितलं नाही, कारण ते हसतील. हे झालं वरवरचं कारण. त्याच्या खाली आणखी एक होतं. अकरा वर्षं तिने जे काही केलं ते त्यांनी शिकवलेलं होतं. लोक दाराला हात लावून म्हणायचे, "व्वा, सासऱ्यांचा हात आलाय तुमच्या हातात." तिला ते आवडायचंही. पण एखादी गोष्ट आपली, नुसती आपली असावी, असं वाटण्यात काय पाप आहे?

त्यात गेल्या महिन्यात फाटकाचं प्रकरण झालं होतं. एका बंगल्याचं फाटक रंगवायचं होतं. सासरे सकाळी लवकर गेले आणि शेजारच्या बंगल्याचं फाटक रंगवून आले. तेही दोन्ही बाजूंनी, कडीकोयंड्यासकट. शेजारी खूश, मालक नाखूश. त्याच्या आधी एक खिडकी त्यांनी रंगाने अशी चिकटवून टाकली होती की ती उघडायला सुतार बोलवावा लागला. नवऱ्याने त्या रात्री जेवताना सरळ सांगितलं, "बाबा, आता आणखी एक घोळ झाला तर ब्रशांची पेटी माळ्यावर. मग घरी बसायचं."

म्हातारा वाटीतलं दूध फुंकत बसला, गार झालेलं दूध. पण दुसऱ्या दिवसापासून पेंटरणीने बघितलं, कामाला जाताना ते घराचा नंबर तीन-तीनदा वाचायचे, ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखे. घरी बसलं की हा माणूस सहा महिन्यांत वाळेल, हे तिला उमगलं होतं. नवऱ्यालाही उमगलं असणार. पण शिडीवरून पडलेल्या बापाला उचलण्यापेक्षा वाळलेल्या बापाला सांभाळणं त्याला बरं वाटत होतं, आणि त्याचं तरी काय चूक म्हणायचं?

डॉक्टरीणबाईंचं सामान शनिवारी सकाळी येणार होतं. शुक्रवारी पेंटरणीच्या लक्षात आलं की कपाटं आतून रंगवायची राहिली आहेत. एकटीने उरकेना, तेव्हा ती सासऱ्यांना घेऊन गेली. बारा दारांपैकी सात जागेवर बसवलेली होती. पाच अजून बाहेरच्या खोलीत फळ्यांवर आडवी ठेवली होती, शेवटचा हात वाळत.

सासरे त्या पाच दारांपाशी थांबले. वाकून बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

"ती राहू द्या बाबा," ती घाईने म्हणाली, "ती मी बघते. तुम्ही आतून हात मारा."

एवढंच बोलली ती. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं.

अकराच्या सुमारास शाळेतून फोन आला. लेकीला ताप भरला होता. "तासाभरात आले," म्हणून ती धावली. लेकीला घेतलं, औषध घेतलं, तिला शेजारच्या ताईंच्या मांडीवर निजवलं. पण पोरगी पदर सोडेना. तो सोडवता सोडवता तीन वाजले.

परत आली तर दारातच सासरे उभे. कपाळावर पांढरा ठिपका, डोळ्यांत चमक. अशी चमक तिने कित्येक महिन्यांत बघितली नव्हती.

"आतलं झालं. आणि बाहेरचंही उरकून टाकलं," ते म्हणाले. "पोर आजारी असताना तू कुठं घासत बसणार?"

फळ्यांवर पाच दारं होती. गुळगुळीत. एकही भोक नाही, एकही ओरखडा नाही. भोकांत लांबी भरलेली, कडा घासून सरळ केलेल्या आणि वर तिच्याच डब्यातल्या पांढऱ्याचे दोन हात. माशी बसली असती तर घसरून तिचा पाय मोडला असता.

"काय दशा करून ठेवली होतीस गं," सासरे आवाज खाली आणून म्हणाले. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी. "किडीची भोकं, टवके उडालेले. मला वाटलं, पोरीनं स्वस्तातलं लाकूड घेतलं आणि आता सांगायची लाज वाटतेय. म्हटलं, मालकीण यायच्या आत झाकून टाकू. हा तुझा रंग मात्र झकास आहे हां. घटकेत वाळतो. ती सात अजून बाकी आहेत, पण पाचाच्या आत—"

"नको!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"का?"

उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. नवरा. ती गॅलरीत गेली.

"पोरीचा ताप कसाय?"

"उतरतोय. ताईंकडे ठेवलंय."

"आणि बाबा? काही घोळ?"

काचेतून तिला सासरे दिसत होते. एका दारावरून डोळे मिटून ते बोटं फिरवत होते आणि स्वतःशीच मान डोलवत होते.

"नाही," ती म्हणाली. "घोळ कसला?"

"बघ हं. सातला येतो घ्यायला."

फोन ठेवून ती तिथेच उभी राहिली. सांगायचं तर होतंच. पण ह्या चमकणाऱ्या डोळ्यांना सांगायचं कसं, की बाबा, मी चार दिवस खपून जे केलं ते तुम्ही चार तासांत पुसलंत? आणि मनात हेही येत होतं, तेही खरंच, की आपण सकाळी एक वाक्य बोललो असतो तर? एका वाक्याचा आळस नव्हता तो, तिला माहीत होतं.

तिला शब्द जुळवायला वेळ मिळाला नाही. डॉक्टरीणबाई दवाखाना लवकर बंद करून चार वाजताच आल्या. तिशीच्या, किडकिडीत, चपला काढतानाच हसणाऱ्या. "राहवेना हो ताई, म्हटलं बघून तरी—" आणि त्या फळ्यांपाशी थबकल्या. "ही दारं... ही दुसरी आणलीत का?"

"दुसरी कशाला?" सासरे पुढे झाले. "तीच आहेत. अर्धवट राहिली होती, मी पुरी केली. हात लावून बघा."

बाईंनी हात लावला नाही. "अहो काका, पण मला तशीच हवी होती. जुनी."

सासऱ्यांना आधी कळलंच नाही. त्यांनी सुनेकडे बघितलं. मग आत, भिंतीवरच्या त्या सात दारांकडे. सातही दारांना तेच टवके, तशीच भोकं. स्वस्तातलं लाकूड किडेल, पण बाराही दारं एकाच जागी कशी किडतील? पेंटरणीने त्यांच्या चेहऱ्यावर तो हिशेब जुळताना बघितला आणि तिला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

"मुद्दाम केलंस?" त्यांनी विचारलं.

"मुद्दाम केलं बाबा. आणि तुम्हाला सांगितलं नाही. मॅडम, चूक माझी आहे. ह्यांना काही माहीत नव्हतं, मीच सांगितलं नव्हतं."

सासरे न्हाणीघरात गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. ब्रश धुताना ते नेहमी काहीतरी पुटपुटायचे, पाण्याला नाही तर ब्रशाला शिव्या द्यायचे. आज नुसतं पाणी वाजत होतं. बाहेर आले तेव्हा ब्रश कोरडा करून कागदात गुंडाळलेला होता. दिवसाअखेरीचं गुंडाळणं वेगळं, सैल. हे दोऱ्याने बांधलेलं होतं. पेटी उघडून त्यांनी ब्रश सगळ्यात खाली, कानशी आणि लांबीच्या पत्र्यांच्याही खाली ठेवला.

"पोरगा बरोबर म्हणत होता," ते म्हणाले, कुणाकडेच न बघता.

पेंटरीण सांगू शकली असती की चूक तुमची नाही. पण ते तर सांगून झालं होतं, आणि त्याने काही झालं नव्हतं.

डॉक्टरीणबाई पेशंटचा भेदरलेला चेहरा रोज बघणाऱ्या. त्यांनी पर्स ओट्यावर ठेवली आणि एका उलट्या डब्यावर चक्क बसल्या.

"काका, मी वेडी वाटत असेन ना तुम्हाला?"

"दुनिया नवं मागते," सासरे म्हणाले. "तुमची मर्जी."

"माझे वडील बदलीच्या नोकरीत होते. दर दोन वर्षांनी नवं क्वार्टर. आणि आम्ही जायच्या आधी दर वेळी ते रंगवून ठेवलेलं असायचं. आत गेलं की रंगाचा वास. तो वास आला की मला कळायचं, इथं आपलं कुणी नाही. शाळेत पुन्हा पहिल्यापासून. आई कपाट उघडायची तर आतसुद्धा पांढरंफेक. आमच्या आधी तिथं कुणी जेवलंच नसावं असं. एवढी वर्षं झाली, आता हे घर स्वतःचं घेतलं, आणि किल्ली लावून आत आले तर तोच वास." त्या हसल्या, पण हसू पुरतं आलं नाही. "म्हणून ताईंना म्हटलं, असं करा की माझ्या आधी इथं कुणीतरी स्वयंपाक केलाय असं वाटेल."

सासरे मग म्हणाले, "क्वार्टरं मी रंगवलीत."

"तुम्ही?"

"तुमची असतील नसतील. पण क्वार्टरं रंगवलीत, ढिगानं. एक कुटुंब जायचं, दुसरं यायच्या आत तीन दिवस मिळायचे. खरवडायचं, लांबी भरायची, दोन हात मारायचे." ते थांबले. "आमच्या मनात आपलं असायचं, की येणाऱ्याला बरं वाटेल."

मग ते उठले आणि आत गेले. सात दारांसमोर उभे राहिले, मागे हात बांधून. पेंटरीण दारातून बघत होती. तिला वाटलं, आता चष्मा पुसतील आणि चला म्हणतील.

"जुनं म्हणजे किती जुनं?" त्यांनी विचारलं. "पाच वर्षांचं की पन्नास?"

"अं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीस?"

"तीस." त्यांनी वरच्या कपाटाच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "सूनबाई, हा कोपरा कुणी झिजवला?"

"मी. म्हणजे... मेणबत्ती लावून..."

"ते कळलं. पण घरात जिराफ होता का? तिथं तीस वर्षांत कुणाचा हात पोचलाय?"

डॉक्टरीणबाई फिसकन हसल्या. पेंटरीण हसू की रडू अशी उभी.

"हे जुनं नाही," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज हळूहळू कामावर आला होता. "हे मारलेलं आहे. बाराही दारांना सारखाच मार. अगं, झीज काय अशी वाटून येते होय? घरात एक कपाट सकाळपासून शंभरदा उघडतं आणि एक वर्षातून दोनदा. सिंकखालचं दार वरून शाबूत असतं, खालच्या कडेला फुगतं, पाण्यानं. शेगडीजवळच्या दाराला टवका नसतो, तेलाचा पिवळा हात असतो. आणि मुठीपाशी? रंग मुठीवर जात नाही, मुठीच्या बाजूला जातो. नखं लागतात तिथं. चाळीस वर्षं मी तेच भरत आलोय, मला विचार ना!"

बोलून झाल्यावर ते स्वतःच चपापले. "मला विचार ना" हे शब्द खोलीत तसेच राहिले.

"विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "विचारते. बाबा, ह्या पाचांवर कुठं घासू?"

त्यांनी पेटीकडे बघितलं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "तुमच्या आधी इथं कोण राहत होतं ते आधी ठरवा. त्याशिवाय जमायचं नाही."

आणि मग त्या रिकाम्या स्वयंपाकघरात तिघांनी मिळून एक कुटुंब वसवलं. बाई बुटकी, हे सासऱ्यांनी ठरवलं, कारण बुटक्या बाईच्या घरात खालच्या खणांना फार काम पडतं. ती डावरी, हे डॉक्टरीणबाईंनी. त्या स्वतः डावऱ्या होत्या आणि त्यांना सगळ्या घरांत मुठी उलट्या बाजूला वाटायच्या. नवरा आळशी, हे पेंटरणीने. "तो फक्त पाण्याचा ग्लास घ्यायला आत यायचा, आणि दार गुडघ्यानं लावायचा." "मग गुडघ्याच्या उंचीवर काळपट," सासरे म्हणाले आणि पेन्सिलीने खूण केली. एक मूल रांगणारं. त्याने सगळ्यात खालचा खण धरून उभं राहायचं शिकलं, तर त्याची वरची कड मधोमध गोल व्हायला हवी, दोन चिमुकल्या मुठींएवढी.

"आणि हे शेवटचं?" डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातल्या उंच कपाटाचं दार दाखवलं. ते फळीवर होतं, सासऱ्यांनी गुळगुळीत केलेल्यांपैकी.

"त्यात पाहुण्यांची भांडी. पाहुणे कमी यायचे. ते असंच राहू द्या," सासरे म्हणाले, आणि जरा थांबून, "चार दारांचं माझं निस्तरावं लागेल. पाचवं माफ."

जागेवर बसवलेली सात दारंही सुधारायला घेतली. जिराफाचा कोपरा भरून निघाला. खालच्या कडा उघड्या झाल्या. पेंटरीण घासायची आणि सासरे स्टुलावर बसून सांगायचे. "बोटानं घास. कागद ठोकळ्याला लावलास तर ती झीज नाही, सुतारकाम." मध्येच त्यांनी तिच्या हातातलं तपकिरी फडकं घेतलं, शेगडीजवळच्या दारावर दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "हे पुसायचं कसं, दाखव परत." तिने दाखवलं. त्यांनी केलं. जास्त पुसलं गेलं. "थांबा, आधी ओलं राहू द्या," ती म्हणाली, आणि त्यांनी मुकाट्याने हात थांबवला. अकरा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. दोघांनाही ते कळलं, दोघांनीही कळू दिलं नाही.

सात वाजता नवरा आला. दारातच दोन शिंका. आत येऊन बघतो तर बाप स्टुलावर बसून किल्ल्यांच्या जुडग्याने एक नवंकोरं दार ठोकतोय, बायको शेजारी उकिडवी बसून मन लावून बघतेय, आणि मालकीणबाई डब्यावर बसून म्हणताहेत, "अजून थोडं खाली, काका, ती बुटकी आहे."

"बाबा!" तो ओरडला. "काय करताय काय?"

"काम," सासरे म्हणाले.

"तू म्हणालीस घोळ नाही म्हणून!" तो बायकोकडे वळला.

"मी खोटं बोलले," पेंटरीण उभी राहिली. गुडघे पांढरे, नाकावर तपकिरी. "घोळ झाला होता. मोठा झाला. पण तो माझा होता. मी ह्यांना काम समजावून सांगितलं नाही, आणि न सांगता करायला दिलं. आता तुम्ही काय ते बोला, पण पेटी माळ्यावर जाणार असेल तर माझीही जाईल."

नवरा तोंड उघडून तसाच राहिला. तिसरी शिंक मध्येच अडकली होती.

"तिला कशाला धारेवर धरतोस," सासरे म्हणाले. त्यांनी जुडगा खाली ठेवला. मुलाशी बोलताना त्यांचा आवाज नेहमी चढायचा, तो आज चढला नाही. "ऐक. फाटकाचं तुझं बरोबर होतं. खिडकीचंही. शिडीवर चढलो की मला हल्ली जमीन दूर वाटते, मी सांगत नव्हतो. तर शिडी सोडली. आजपासून. घरंच्या घरं रंगवणंही सोडलं, ते तिनं करावं. हे जुनं करायचं मात्र मी करणार. बसून होतं. आणि ह्यात तीच वस्ताद आहे, मी आपला हाताखालचा."

"आणि विसरलात तर?"

"विसरलो तर ती सांगेल. सांगशील ना गं?"

"सांगेन," पेंटरीण म्हणाली. "आधीच सांगेन."

नवरा वडिलांकडे बघत राहिला. शिडी सोडली, हे शब्द त्याला हवे होते. पण ते असे फुकटात, न भांडता मिळतील असं त्याला वाटलं नसावं, कारण ते मिळाल्यावर त्याचा चेहरा पडला. तो वाकला आणि फळीचं एक टोक उचलायला लागला, काहीतरी करायचं म्हणून.

"त्याला हात नको लावूस, ओलं आहे," सासरे म्हणाले. "बाहेर जाऊन उभा राहा, नाहीतर शिंकशील त्याच्यावर. आमचं अर्ध्या तासात होतंय."

मग ते पेटीवर वाकले. कानशी आणि पत्रे बाजूला सारून तळातला कागद काढला आणि दाताने दोरा सोडू लागले.